गवताची लंगडी शेळी

माझ्या भावजयीला, मार्सलीला, ग्लासगोच्या इस्पितळात नेलं, त्याच आठवड्यात शेजारच्या येखनने आमच्या बांधावरून शेळी आत टाकली.

खरी शेळी नव्हे. ओटच्या शेवटच्या पेंढीची केलेली, चार काड्यांच्या पायांची, त्यातला एक पाय मुद्दाम आखूड. आमच्या बेटावरची ही फार जुनी रीत. ज्याची कापणी आधी आटोपेल त्याने शेवटच्या पेंढीची लंगडी शेळी करायची आणि ज्याचं रान अजून उभं असेल त्याच्या बांधावरून आत टाकून पळायचं. त्याचं रान कापून झालं की त्याने ती पुढच्याच्या गळ्यात मारायची. अशी ती दारोदार फिरते, आणि जो सगळ्यांच्या मागे राहील त्याच्या घरी हिवाळाभर मुक्काम करते. मग तिला जाळायचं नाही, समुद्रात सोडायचं नाही, सांभाळायचं. ज्या घराच्या आढ्याला शेळी टांगली तिथे वर्षाच्या आत काहीतरी कमी होतं, असं जुनी माणसं म्हणत. गाय, होडी, नाहीतर माणूस.

यंत्रं आली तशी ही रीत मागे पडली होती. येखनच्या आजीने कधीतरी त्याला सांगितली असेल, त्याने ती गमतीने उकरून काढली. तसा तो वाईट नाही. कुणाच्या प्रेताला खांदा द्यायला पहिला, आणि चेष्टेलाही पहिलाच.

"टॉर्मोद, तुझ्या पाहुण्या पाखरांचा पाहुणचार संपेस्तोवर हिलाही जरा गवत घाल रे," असं बांधापलीकडून ओरडून तो हसत हसत गेला.

टॉर्मोद माझा धाकटा भाऊ. तो हसला नाही. वाकून त्याने ती शेळी उचलली, तिच्या आखूड पायाला बोट लावून पाहिलं, आणि गोठ्याच्या भिंतीशी नेऊन ठेवली. मी तेव्हा दूध घेऊन त्याच्याच घरी निघाले होते.

"फेकून दे ते," मी म्हटलं.

"फेकता येत नाही, ताई. तुला माहीत आहे."

"मला एवढंच माहीत आहे की आपण ख्रिस्ताची माणसं आहोत, पेंढ्याची नव्हे."

"मग तूच फेक ना," तो म्हणाला.

मी दुधाचं भांडं सावरलं आणि घरात गेले. रोज सकाळी संत ब्रीदेचं नाव घेऊन मी विस्तव उघडते, रात्री पिता, पुत्र, आत्मा ही तीन नावं घेऊन तो राखेखाली निजवते, जपमाळ एक दिवस चुकू दिलेली नाही. तरी त्या पेंढ्याला मला हात लावावासा वाटला नाही, हे खरं.

येखनच्या चेष्टेचं कारण होतं आमचं तळचं कुरण. समुद्राकडच्या वाळवटीला लागून असलेलं, ओढ्याकाठी पिवळ्या आयरिस फुलांची दाटी असलेलं. गावातली सगळी कुरणं केव्हाच कापून झाली होती, आमचं तेवढं कमरेइतकं उभं होतं. ते टॉर्मोदच्या मुलीच्या, शीलसच्या शब्दाखातर. बेटाची जमीन आता बेटाच्याच न्यासाची आहे, आणि शीलस त्या न्यासात पाखरांचं काम बघते. गवतपाखरू हा तिचा खास विषय. पाणकोंबडीच्या जातीचं, करड्या-तपकिरी रंगाचं, दिसत जवळजवळ नाहीच. ओरडतं मात्र असं की फणीच्या दात्यांवरून कुणी रात्रभर नख फिरवतंय. आमच्या लहानपणी दर कुरणात एक होतं. आता साऱ्या गावात मिळून एकच जोडी उरली होती, आणि ती आमच्या तळच्या कुरणात होती.

"बाबा, सप्टेंबर लागेपर्यंत त्याला हात लावायचा नाही," शीलसने वसंतातच बजावलं होतं. "दुसऱ्या खेपेची पिल्लं ऑगस्टात असतात. आणि कापाल तेव्हा मधून सुरुवात करून बाहेर कापत या. काठाने गोल फिरत आत गेलात तर ती उभ्या गवतातच मागे सरकत राहतात. उघड्यावर पळत नाहीत ती, जीव गेला तरी."

"तुझा आजा काठानेच कापायचा," टॉर्मोद म्हणाला होता.

"आजोबांच्या हातात विळा होता. पाखराला बाजूला व्हायला वेळ मिळायचा."

टॉर्मोदने मार्सलीकडे पाहिलं होतं. ती पीठ मळत होती. "हो म्हण की रे," ती म्हणाली, "रात्री ते पाखरू ओरडलं नाही तर मला झोप कुठे येते?" आणि टॉर्मोदने हो म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने मागितलेल्या कशालाही त्याने नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. अर्थात तिने मागितलंही फारसं कधी नाही.

ती खिडकी उघडी टाकून निजायची. शीलस लहान असताना ती तिला सांगायची की गवतपाखरू पाठीवर पडून झोपतं आणि पाय वर करून आभाळ तोलून धरतं. शीलस मग अंगणात उताणी पडायची, दोन्ही पाय वर. "आत्या, आज मी धरलंय, त्याला सुट्टी," म्हणायची.

तर अशी ती मार्सली. जुलैत तिच्या पोटात दुखू लागलं आणि ऑगस्टात डॉक्टरांनी गाठ सांगितली. शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी ठरली. शीलस तिच्याबरोबर गेली. गुरांमुळे टॉर्मोदला मागे राहावं लागलं, आणि खरं सांगायचं तर मार्सलीनेच त्याला येऊ दिलं नाही. "तू तिथे भिंतीशी उभा राहून मला घाबरवशील," म्हणाली.

येखनला एक गोष्ट ठाऊक नव्हती, निदान त्याच्या ध्यानात नव्हती. आमची आई गेली त्या वर्षी शेळी आमच्याकडे होती. वडिलांचा पाय खडकावरून घसरून मोडला, आमचं रान मागे पडलं, आणि शेळी आमच्या गोठ्याच्या आढ्याला लागली. आई छातीच्या दुखण्याने गेली, ते दुखणं तिला आधीपासून होतं. मी मोठी होते, मला ते कळत होतं. टॉर्मोद लहान होता. आईला धाप लागली की तो गोठ्यात जाऊन त्या शेळीकडे बघत उभा राहायचा. एकदा तो दाव्याला धरून वर चढला, तिला ओढून काढायला. वडिलांनी त्याला खाली उतरवलं. "राहू दे, बाळा. आता ती आपली आहे," एवढंच म्हणाले. ब्रीदेच्या सणाच्या आदल्या दिवशी आई गेली.

बुधवारी संध्याकाळी टॉर्मोद माझ्याकडे आला. चहा पुढे ठेवला तो प्यायला नाही.

"कालमचं अजून बाकी आहे," तो म्हणाला.

टेकडीपलीकडच्या कालमचं यंत्र बिघडलं होतं. त्याचा सुटा भाग फेरीबोटीने येणार होता.

"बरं मग?"

"उद्या दुपारच्या बोटीने येतोय तो भाग. कालम संध्याकाळपर्यंत मोकळा होईल. मग सगळ्या बेटावर मी एकटाच उरतो, ताई. मग ती कुठेच जात नाही."

मी म्हटलं, "उद्या सकाळी आपण दोघं चर्चमध्ये जाऊ. फादरांना मी मार्सलीसाठी प्रार्थना ठेवायला सांगितलीय."

"तू जा."

"टॉर्मोद, तू शब्द दिलायस."

"कुणाला?"

"पोरीला. मार्सलीला."

"मार्सलीला दिलेला शब्द मार्सली असेल तर ना," तो म्हणाला. मग, "तुला वाटतं मी खुळा आहे. मलाही वाटतं. उद्या दहा वाजता तिला आत नेतील, आणि तेव्हा ती पेंढ्याची अवदसा माझ्या गोठ्यात असेल. मी नुसता बसून राहायचं? तूच सांग, काय करत बसायचं?"

माझ्याकडे जपमाळ होती. त्याच्याकडे काय होतं?

सकाळी मी चर्चला निघाले तर धुकं होतं आणि धुक्यात ट्रॅक्टरचा आवाज. मी तशीच तळच्या कुरणाकडे वळले. पोचेपर्यंत त्याचे काठाने दोन-तीन फेरे झाले होते. कापलेल्या गवताचा वास सुटला होता, गोड, ओला. एरवी मला तो फार आवडतो.

मी फाटकाशी उभी राहून हात वर केला. तो थांबला, पण यंत्र बंद केलं नाही.

"मधून काप," मी ओरडले. "कापायचंच असेल तर निदान मधून काप."

"मधे शिरायला आधी वाट पाडावी लागते. वळायला जागा नाही. तेवढा वेळ कुठाय?"

"अरे, ती आत आहेत."

"आहेत की नाही कुणी पाहिलंय? नर ओरडायचा थांबलाय महिना झाला."

"पिल्लं असली की तो ओरडत नाही. शीलसने सांगितलंय तुला."

त्याने तोंड फिरवलं आणि गियर टाकला.

मी घरी परतायला हवं होतं, किंवा चर्चमध्ये. पण पाय निघाले नाहीत. एक फेरा, मग आणखी एक. उभं गवत मधे आक्रसत चाललं. आधी चर्चच्या आवाराएवढं होतं, मग घराएवढं झालं. धुकं उचलू लागलं तसे समुद्रावरचे पांढरे कुरव पक्षी भक्ष्याच्या मागावर आले, एकेक करून कापलेल्या गवतावर उतरले आणि ट्रॅक्टरच्या मागे मागे चालू लागले.

शेवटी होडीच्या लांबीएवढा पट्टा उरला. वारा अजिबात नव्हता, तरी त्या पट्ट्यातलं गवत हललं. आधी एका टोकाला हललं, मग दुसऱ्या, मग मधे. टॉर्मोदनेही ते पाहिलं. त्याने यंत्र बंद केलं.

एकदम सगळं शांत झालं. ओढ्याचं पाणी ऐकू येऊ लागलं. पट्ट्याच्या कडेला गवताच्या बुंध्याशी एक तपकिरी डोकं बाहेर आलं, त्याने उघड्या रानाकडे पाहिलं, आणि आत गेलं. त्या मादीच्या मागून एक पिल्लू आलं होतं, कोळशाच्या तुकड्यासारखं काळंभोर. तेही आत गेलं.

मी मनात म्हटलं, आता तो खाली उतरेल. देवाशपथ, मला तसंच वाटलं. त्याने टोपी काढली, तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"एवढा पट्टा राहू दे, टॉर्मोद," मी म्हटलं. मोठ्याने बोलायची आता गरज नव्हती.

"एक काडी उभी राहिली तरी कापणी पुरी होत नाही," तो म्हणाला. "एक काडीसुद्धा, ताई." त्याचा आवाज अगदी लहान मुलासारखा होता.

त्याने यंत्र चालू केलं. मी डोळे मिटले आणि ओठांवर आली ती प्रार्थना म्हटली. ती मार्सलीसाठी होती की गवतातल्यांसाठी, हे देवालाच ठाऊक. डोळे उघडले तेव्हा कुरण सपाट होतं आणि कुरव एकाच जागी जमले होते.

टॉर्मोद गोठ्यातून शेळी घेऊन टेकडीकडे गेला. जवळजवळ पळतच गेला, गुडघे दुखत असतानाही. मी घरातून पोतं आणलं आणि कुरवांना हाकललं.

दुपारी शीलसचा फोन आला. शस्त्रक्रिया नीट झाली होती. गाठ सगळी निघाली, पसरलेली नव्हती, आई शुद्धीवर येऊन चहा मागतेय, असं ती रडत रडत सांगत होती. टॉर्मोदने फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीशी खाली बसला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या केसांत गवताचा चुरा होता.

शीलस आईच्या आधी परतली. बोटीवरून उतरून ती घरी आलीच नाही, सरळ कुरणात गेली. तिला रस्त्यावरूनच दिसलं असणार. मी तिला सांगितलं की मी त्यांना ओढ्याकाठी पुरलंय. तिने जागा विचारली, पण खणलं नाही. घरात आली तेव्हा टॉर्मोद टेबलाशी बसलेला होता.

"सगळी?" तिने विचारलं.

"हो."

"का, बाबा? बाकीचं मी समजू शकते. येखनकाकांनी चिडवलं, तुम्ही चिडलात. पण शेवटचा पट्टा का?"

त्याने तिला शेळीचं सांगितलं. आजीचंही सांगितलं. कधी न सांगितलेलं, दाव्याला धरून चढल्याचंसुद्धा. ती ऐकत राहिली. मला वाटलं ती ओरडेल, पण ती ओरडली नाही.

"आईला डॉक्टरांनी वाचवलं," ती म्हणाली.

"असेल."

"असेल नाही. तसंच आहे."

"मग तसंच असेल, पोरी. पण मी ते करून पाहायला धजत नव्हतो. न कापता बसायला."

शीलसने डोळे पुसले. "मी आईला सांगणार नाही. ते तुम्ही सांगा."

त्याने सांगितलं नाही. मार्सली घरी आली तेव्हा सप्टेंबर लागला होता, आणि कापलेलं कुरण पाहून तिला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. येखन ओटची भाकरी आणि लोणी घेऊन तिला बघायला आला. दारात मला गाठून म्हणाला, "ऑयरिकताई, तुमच्या आईचं मला खरंच आठवलं नाही हो. जीभ कापून ठेवावी असं झालंय." मी म्हटलं, "जीभ राहू दे, यंदा जळणाला पीट आणून टाक त्यांच्या दारात." त्याने हिवाळाभराचं टाकलं.

शेळी कालमकडे राहिली. त्याने ती खताच्या पोत्यांशेजारी खिळ्याला अडकवली आणि विसरून गेला. वसंतात त्याच्या गाईला जुळी वासरं झाली, दोन्ही धडधाकट. ही बातमी येखननेच आणली, आणि सांगता सांगता मधेच गप्प झाला. टॉर्मोद बाहेर निघून गेला.

मग मे आला. आयरिसची पाती हातभर वर आली. शीलस आता पलीकडच्या बेटावर राहायला गेली होती. काम तिकडचं आहे म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं. पाखरं दूरच्या आफ्रिकेतून येतात, कुठे येतात ते ती फोनवर आईला कळवायची. उत्तरेच्या टोकाला दोन आली. खाडीपलीकडे एक आलं. आमच्या गावाचं नाव ती घ्यायची नाही.

मार्सली संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभी राहू लागली. आमच्याकडे तेव्हा दिवस लांबतो, जेवणं झाली तरी उजेड असतो. तिच्या अंगात आता ताकद आली होती, गालांवर रंग होता. "उशीर झालाय त्यांना," ती म्हणायची. "वाटेत वारा उलटा असेल." महिना सरत आला तरी ती तेच म्हणत होती.

एका संध्याकाळी मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. किनाऱ्यावर ब्रीदेचे गडी, ते काळे-पांढरे लाल चोचीचे पक्षी, आपसात भांडत होते. कुरण मात्र गप्प होतं.

"वन्सं," ती कुरणाकडे बघतच म्हणाली, "तुम्ही खोटं बोलत नाही."

"नाही."

"काठाने कापलं का त्याने?"

मी हो म्हटलं.

"शेवटपर्यंत?"

मी पुन्हा हो म्हटलं. मग तिने का म्हणून विचारलं, आणि मी तेही सांगितलं, जसं घडलं तसं, त्याने टोपी काढून तोंड पुसलं तेसुद्धा. फाटकाच्या वरच्या फळीवर तिने दोन्ही हात ठेवले होते आणि फळीवरची शेवाळ नखाने खरवडत होती.

"मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं," ती म्हणाली. "म्हणूनच विचारलं नाही. तो मला ओळखतो."

"घाबरला होता गं."

"ते कळतंय मला. रागावता आलं असतं तर बरं होतं, वन्सं. कुणावर रागावू? शंभर मैलांवर मी गुंगीत पडलेय आणि माझ्यासाठी माणूस गवतातल्या पिल्लांवरून यंत्र नेतोय." तिने हात झटकले. "आता मरायचीही चोरी झाली. इतक्या मोलाचं जिणं, म्हातारं होईस्तोवर जगायलाच हवं ना? रोज सकाळी उठायला हवं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवणार होते, तेवढ्यात घराचं दार वाजलं. टॉर्मोद तिची लोकरीची शाल घेऊन येत होता. आम्हा दोघींचे चेहरे दिसले तसा तो वाटेतच थबकला. त्याला कळलं. माणसाला आपल्याविषयीचं बोलणं लांबूनही कळतं.

"गारठा पडलाय," तो तिथूनच म्हणाला.

मार्सली वळली नाही. तो हळूहळू जवळ आला, शाल उलगडली, आणि तिच्या मागे तशीच हातात धरून उभा राहिला. तिच्या खांद्यावर टाकायचा धीर त्याला होईना. मी माझ्या घराकडे निघाले, जपमाळेची वेळ झाली होती. वळणावरून मागे पाहिलं तर दोघं तशीच उभी होती, ती पुढे, तो पाऊलभर मागे, दोघंही कुरणाकडे कान लावून.